निरोपाची ओत

चाक केतकी सुतारच्या प्रयोगशाळेत आलं ते दोन तुकड्यांत, ताडपत्रीत गुंडाळून, वर पोलिसांचं सील. पाच माणसं आणि एक चेन-ब्लॉक लागला ते टेबलावर चढवायला. सील तोडताना चौकशी अधिकारी नार्वेकर स्वतः उभे होते. उंच, सावध माणूस; बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती.

हे चाक वाकीच्या धनगरवाड्याला जाणाऱ्या रोपवेचं. गगनबावड्याच्या अलीकडे डोंगरावर पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे. तिथलं दूध खाली यायचं आणि पोरं शाळेला यायची ती याच रोपवेनं. वरच्या ठाण्यावर दोर फिरवणारं हे बिडाचं चाक एकोणीस वर्षं कुरकुर न करता फिरलं. गेल्या महिन्यात, सप्टेंबर २०४७ मधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाआठला, ते तुंब्यातून फाटलं. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला जाड गड्डा, ज्यातून आस जातो. दोर सुटला आणि पाळणा दरीत गेला. पाळण्यात दूध गोळा करणारा एक माणूस होता आणि शाळेला निघालेल्या दोन सख्ख्या बहिणी होत्या. तिघंही गेली.

"तुटलेल्या जागी शिसं सापडलंय," नार्वेकर म्हणाले. "ते कुठून आलं हा प्रश्नच नाही आता. भट्टीवाल्यानं कबुली दिली आहे. भंगारात शिसं लागलेला माल होता, घाईत तसाच भट्टीत टाकला म्हणतो. तुमचं वाचन फक्त त्याला दुजोरा द्यायला हवंय."

"कोण भट्टीवाला?"

"दस्तगीर मुल्ला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. सध्या जामिनावर घरी आहे."

केतकीच्या हातातला टॉर्च तसाच राहिला. मग तिनं सरळ सांगून टाकलं, "मी ओळखते त्यांना. माझे वडील त्याच फाउंड्रीत साच्यांचे लाकडी पॅटर्न करायचे. दस्तगीरचाचांनी मला खांद्यावर खेळवलंय. हे वाचन मी करणं बरोबर नाही."

नार्वेकरांनी चष्मा पुसला. "घनवाचक राज्यात दोनच आहेत. दुसऱ्याची रांग महिनाभराची आहे. तुम्ही वाचा, आम्ही नंतर तिकडून तपासून घेऊ."

घनवाचक हे यंत्र काय करतं ते समजायला बर्फाच्या कारखान्यात एकदा डोकावलं तरी पुरे. बर्फाची लादी बाहेरून काचेसारखी स्वच्छ असते आणि मधोमध दुधी, गढूळ. पाणी कडेनं गोठायला लागतं आणि गोठताना आपल्यातला क्षार, हवा, कचरा पुढच्या पाण्यात ढकलत जातं. शेवटी मध्ये जे पाणी उरतं, त्याच्या वाट्याला सगळ्यांनी नाकारलेलं येतं. वितळलेल्या धातूचं नेमकं हेच होतं. आधी जो घट्ट होतो तो शुद्ध असतो, आणि तो ज्यांना आपल्यात घेत नाही ते गंधक, स्फुरद, शिसं असले घटक उरलेल्या रसात साचत जातात. म्हणून ओतकामाचा सगळ्यात जाड भाग, जो सगळ्यात शेवटी गोठतो, तोच सगळ्यात मळका असतो. सबंध लेडलीत, म्हणजे रस ओतायच्या डोलात, चिमूटभर असलेलं शिसं तिथं पोचेपर्यंत मूठभर होतं. आणि बिडाला शिसं म्हणजे विष. आतल्या ग्राफाइटची घडण बिघडते, बीड बिस्किटासारखं ठिसूळ होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

हे शंभर-दीडशे वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. केतकीनं आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी त्यावर एक पायरी चढवली. ओतकाम न कापता, त्याच्या पोटातल्या प्रत्येक कणात कोणता घटक किती साचलाय याचा नकाशा घ्यायचा आणि मग ते गोठणं उलटं चालवायचं. आतून बाहेर, शेवटाकडून सुरुवातीकडे. कोणता रस साच्यात कितव्या सेकंदाला शिरला, कुठे ओतणाऱ्याचा हात थांबला, कधी उष्णता कमी पडली, हे सगळं पडद्यावर उलगडत येतं. यंत्र बाहेर आलं आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की धातू विसरत नाही. वर्तमानपत्रांना काय जातंय! इकडे अर्ध्या कोल्हापूरची झोप उडाली. तीस-तीस वर्षांपूर्वीची ओतकामं साक्ष द्यायला लागली. पुलांच्या बेअरिंगांनी कंत्राटदारांची नावं सांगितली. दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, कारण एका पंपाच्या केसिंगनं त्यांच्यातला खोटा कोण ते दाखवून दिलं. लोक केतकीला मान द्यायचे आणि लग्नाकार्यात तिच्या शेजारी बसायचं टाळायचे.

तिला त्याचं फारसं वाटत नसे. खरं आहे ते आहे, असं ती म्हणायची. चाळीस वर्षांच्या आयुष्यात ते वाक्य तिला स्वतःवर कधी वापरावं लागलं नव्हतं.

दस्तगीरचाचांनी घाईत घाण माल भट्टीत टाकला, यावर तिचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. हा माणूस भंगारातला बोल्टसुद्धा हातात तोलून बघायचा. तेव्हा कबुली खोटी आहे हे तिनं मनात धरलं आणि ती सिद्ध करायला ती यंत्रापाशी बसली. हिशोब सोपा होता. शिसं भट्टीतच मिसळलं असेल तर ओतीच्या पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत ते सारखं असणार. तसं नसेल तर ते भट्टीतून आलेलं नाही आणि चाचा सुटले.

स्कॅनला दोन दिवस लागले, उलट्या गणिताला तिसरा. तिसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाता खाता, तिनं पडद्यावर ओत पाहिली. एकंदर बेचाळीस सेकंदांची. पहिली सतरा सेकंदं रस निखळ होता. शिशाचा मागमूस नाही.

"सुटले!" केतकी मोठ्यानं म्हणाली आणि घास तोंडातच ठेवून टाळी वाजवली.

अठराव्या सेकंदाला रसात तांबं आणि जस्त आलं. प्रमाण पितळेचं. म्हणजे लेडल कलल्यावर तिच्यात कुणीतरी पितळेचं काहीतरी टाकलं होतं. सव्विसाव्या सेकंदाला, एकदम, गचका बसल्यासारखं शिसं आलं. पितळेचं कवच वितळायला वेळ लागला आणि मग आतलं बाहेर पडलं, याशिवाय त्याचा दुसरा अर्थ होत नव्हता. पितळेची वस्तू, आत शिसं भरलेली. वजन यंत्रानं काढून दिलं: पितळ एकशे वीस ग्रॅम, शिसं नव्वद.

डबा उघडाच राहिला. चाक कोणत्या तारखेला ओतलं ते तिनं कागदात शोधलं. चौदा फेब्रुवारी, २०२८. ती तारीख तिला शोधायची गरज नव्हती खरं तर.

त्या फाउंड्रीत एक रीत होती. कुणी काढली ते कुणाला माहीत नव्हतं. हिंदू, मुसलमान, जैन सगळे पाळायचे. कामगार वारला की दिवस झाल्यावर घरचं कुणीतरी त्याची एक लहानशी धातूची वस्तू घेऊन यायचं. बिल्ला, किल्ली, अंगठी, काहीही. दिवसाची पहिली लेडल साच्यावर कलली की ती वस्तू रसात सोडायची. आधी नाही, भट्टीत तर नाहीच, कारण भट्टीतून तपासणीचा नमुना काढतात आणि तो नंतर भंगारात जातो. मेलेल्या माणसाचा कण भंगारात जाऊ द्यायचा नाही. याला निरोपाची ओत म्हणायचे. ती वस्तू कुठल्या कामात गेली हे घरच्यांनी विचारायचं नाही आणि फाउंड्रीनं सांगायचं नाही. माणूस कुठेतरी जगात भार सोसत उभा आहे, एवढं पुरे. तोळाभर पितळेनं बिडाचं काही बिघडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आणि खरंच बिघडत नाही.

केतकीचे वडील महादेव सुतार, सगळ्या फाउंड्रीचे अण्णा, जानेवारीच्या शेवटी गेले. छातीत दुखतंय म्हणून खाली बसले ते उठलेच नाहीत. केतकी एकवीस वर्षांची होती, धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. तेराव्यानंतर ती अण्णांचा ओळंबा घेऊन फाउंड्रीत गेली. लाकडी पॅटर्न उभा सरळ आहे का ते बघायला अण्णा तो दोरीला बांधून सोडायचे. घासून घासून सोन्यासारखा झालेला पितळी ओळंबा.

दस्तगीरचाचांनी तो तिच्या हातून घेतला, तळव्यावर धरला. "नुसतं पितळच न्हवं गं, बाळ?"

"होय चाचा, पितळच."

त्यांनी तो परत तिच्या हातात दिला. लेडल कलली. तिनं तो सोडला. एक हिरवट ज्वाळ उठली आणि गेली. "जा," चाचा म्हणाले, "तुझा बाप कामाला लागला." तिथं ती पहिल्यांदा पोटभर रडली.

आता पडद्यासमोर तिला दुसरंच काहीतरी आठवत होतं. ती आठ-नऊ वर्षांची असताना अण्णांनी नवा ओळंबा आणला होता. तो आतून पोकळ निघाला. पंख्याच्या वाऱ्यानं हलतोय मेला, असं म्हणत अण्णांनी पळीत जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवलं आणि ओळंब्यात ओतलं. पळी त्यांनी धरली होती. ओळंबा, चिमट्यात पकडून, केतकीनं धरला होता.

म्हणजे तिला माहीत होतं. विसरली होती हेही खरं आणि माहीत होतं हेही खरं. आदल्याच सहामाहीत शिशाचा बिडावर होणारा परिणाम या प्रश्नाला तिला दहापैकी नऊ गुण मिळाले होते.

दस्तगीरचाचा सदर बाजारात लेकाच्या घरी राहत. केतकी गेली तेव्हा ते अंगणात कोंबड्यांना तांदळाची कणी टाकत होते. तिला बघून त्यांनी ताट खाली ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," केतकी म्हणाली.

"काय?"

"चाचा, मी चाक वाचलंय."

ते कट्ट्यावर बसले. गुडघे धरून, सावकाश. "पेपरात शिसं म्हणून आलं तवा कळलं मला. तवर खरंच न्हवतं ठाऊक. रोपवेचं चाक हुतं ते, एवढं ध्यानात हुतं. मग दोन आन् दोन जोडलं."

"आणि पोलिसांना खोटं सांगितलंत."

"खोटं काय त्यात? भट्टीवाला कोण हुता? मी. रसात काय पडतंय ते बघायचं काम कुणाचं? माझं."

"तुम्ही विचारलं होतंत मला. मी पितळ म्हणाले."

"तू म्हणालीस आन् मी ऐकलं. भट्टीवाल्यानं ऐकायचं नसतं, पोरी, बघायचं असतं." त्यांनी उजवा तळवा पुढे केला, जणू ओळंबा अजून तिथंच होता. "जड लागला हुता मला. एवढ्याशा पितळंला एवढं वजन नसतंय. हाताला कळलं हुतं. पण तेरा दिसांमागं बाप गेलेली पोर समोर उभी. तिला काय म्हणू, फोड बाई ओळंबा आन् दाखव? न्हाई म्हणवलं मला."

कोंबड्या ताटावर चढल्या, कुणी हाकलल्या नाहीत.

"हे बघ," चाचा म्हणाले. "माझं वय झालंय. दोन वर्सं हितं काढली काय आन् तितं काढली काय. तुझ्या मागं एवढं मोठं काम हाय. लोकं तुझ्या शबुदावर चालत्यात. तू लिव, की शिसं पहिल्यापासनं हुतं. मशीन कुठं बोलतंय? तूच बोलतीस."

"म्हणूनच मला खोटं बोलता येणार नाही. इतक्या लोकांची घरं मी खरं सांगून मोडलीत."

"ते लोक येगळे."

"वेगळे कसे?"

ते चिडले. उभे राहिले. "आन् महादू? त्याचं नाव सरकारी कागदात घालणार तू? तीन जीव घेतले म्हणून? तीस वर्सं त्या माणसानं एक पॅटर्न वाकडा केला न्हाई! जिता असता तर त्यानं सोताच्या हातानं तो ओळंबा इहिरीत टाकला असता. मेलेल्या माणसाला बोलता येत न्हाई, म्हणून तू त्याच्यावर घालणार?"

"अण्णांवर नाही. माझ्यावर."

"ओळंबा कुणाचा लिवशील?"

ओळंबा अण्णांचाच होता.

तिनं अहवाल लिहिला. आठवडाभर घेतला आणि सगळं लिहिलं: सतरा सेकंदं, पितळ, शिसं, रीत, चाचांचा प्रश्न, तिचं उत्तर. एक परिच्छेद तिनं तीनदा खोडला आणि चौथ्यांदा ठेवला. ओळंब्यात शिसं आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, असं त्यात होतं. ते कुठल्याही यंत्राला कधीच कळलं नसतं. चाचांना हाताला जड लागलं होतं, हे मात्र तिनं लिहिलं नाही. ते सांगायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

नार्वेकरांनी अहवाल तिच्यासमोरच वाचला. दोनदा चष्मा पुसला.

"हे शेवटचं गाळता येईल," ते हळूच म्हणाले. "विस्मरण हा काही गुन्हा नाही. कायद्यात बसेल असं यात फारसं नाहीये, मॅडम. एकोणीस वर्षं झाली आहेत."

"राहू दे."

दुसऱ्या घनवाचकानं पुढे तेच सांगितलं, सेकंद न सेकंद. केतकीनं प्रयोगशाळेची जागा सोडली. तिला कुणी सोड म्हटलं नव्हतं आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या फाउंड्र्यांना पत्र गेलं की असली कुठलीही रीत यापुढे पाळू नये. तीन-चार म्हातारे कामगार तिला रस्त्यात भेटले. त्यांच्या बापांचे, भावांचे बिल्ले कुठे कुठे गेले होते. एकानं विचारलं, "आमच्या बापूचा बिल्ला कुठं त्रास देत नसंल न्हवं?" तिनं नाही म्हणून सांगितलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. एकोणीस वर्षं, तीस वर्षं तो माणूस बापू कुठेतरी कामावर आहे म्हणून निवांत होता. आता त्याला घोर लागला.

दस्तगीरचाचांवरचा खटला मागे घेतला गेला. केतकी पेढे घेऊन नाही, नुसतीच भेटायला गेली. लेक दारात आला. "अब्बा झोपलेत," म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते आणि आतून चाचांच्या खाकरण्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. ती आणखी दोनदा गेली. दोन्ही वेळा अब्बा झोपलेलेच होते. मग तिनं जाणं थांबवलं.

एक जागा राहिली होती.

वाकीचा धनगरवाडा चढून जायला तिला अडीच तास लागले. रोपवे बंद, पाळणे खालच्या ठाण्यात उलटे टेकवून ठेवलेले. त्या दोन मुलींची आई, ठकुबाई, घराच्या पुढ्यात शेळीला पाला घालत होती. पस्तिशीची असेल. नवरा मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरलेला.

केतकीनं आपलं नाव सांगितलं. ठकुबाईनं घोंगडं टाकलं, पाणी दिलं. सरकारकडून आली असेल असं तिला वाटलं.

"मी सरकारकडून नाही आले," केतकी म्हणाली आणि सगळं सांगितलं. बर्फाच्या लादीपासून नाही. बाप गेला, ओळंबा नेला, चाचांनी विचारलं, मी पितळ म्हणाले, आणि त्यात शिसं होतं. पाच वाक्यांत झालं. अहवालाला तीस पानं लागली होती.

ठकुबाईनं विचारलं, "त्यो मुल्ला म्हातारा?"

"त्यांची चूक नव्हती. त्यांनी माझ्यासाठी आपल्यावर घेतलं."

"किती दिस झालं हुतं तुमच्या बापाला जाऊन?"

"तेरा. चौदावा होता."

"माझ्या पोरींला आज बाहत्तर दिस झालं," ठकुबाई म्हणाली. "परवा दिराणीनं इचारलं, ह्या हंड्यात काय हाय. म्या म्हनलं, पाणी. ताक हुतं. म्याच वतलं हुतं सकाळी."

केतकीनं मान खाली घातली.

"तुमी न्हाई सांगितलं असतं, तर मला कळलं असतं का?"

"नाही. कुणालाच कळलं नसतं."

"मग कशापायी आला एवढं चढून?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "रोज सकाळी उठलं की म्या त्या म्हाताऱ्याला शिव्या देती. त्याचं हात झडू दे, त्याच्या घरात दिवा लागू नये. मग शेळ्या सोडती, मग भाकरी टाकती. शिव्या दिल्या की उठवतंय. आता त्या कुणाला देऊ?"

"मला द्या."

ठकुबाईनं तिच्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, घामेजलेल्या तोंडाकडे, चढणीनं सुजलेल्या पावलांकडे. तिचे ओठ एकदा हलले. शेळीनं दावं ओढलं, ते तिनं पायाखाली दाबून धरलं.

"न्हाई देववत," ती शेवटी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "तूबी लेकच की कुणाची. आता उद्या सकाळी म्या काय म्हणून उठू, तेवढं सांगून जा."

केतकी बसून राहिली. ठकुबाईच्या पायाखालचं दावं सुटायला लागलं, ते तिनं धरलं.